मांजराच्या नावानं

माझ्या लहानपणी खटकचिंचोळीत आमच्या शेजारी कुणी परकं राहत नव्हतं. पलीकडचं घर माझ्या थोरल्या काकांचं. आधी ते एकच घर होतं, अंगणही एकच. मग विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांवरून काका आणि माझे अप्पा भांडले, वाटण्या झाल्या आणि अंगणाच्या मधोमध दगडमातीची भिंत आली. उभ्या माणसाला पलीकडचं काही दिसू नये एवढी उंच. भिंत पुरी झाली त्या दिवशी अप्पा जेवता जेवता म्हणाले, "त्या घराशी कुणी बोलायचं न्हाई." पलीकडं काकांनीही तसंच काहीतरी सांगितलं असणार.

सगळ्यात जड गेलं ते दोघी जावांना. माझी माय या घरात आली तेव्हा फार लहान होती. तिला भाकरी थापायला काकूनं शिकवलं. माझ्या वेळी बाळंतपणही काकूनंच केलं. माय तिला अक्का म्हणायची, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. आता एक अंगणाच्या या अंगाला आणि दुसरी त्या अंगाला, मध्ये भिंत. काकूच्या लेकी लग्न होऊन गेलेल्या. घरात काका, ती आणि तिची मांजरं. एक कबरी मांजरी आणि तिची दोन थोराड झालेली पिल्लं.

ती मांजरं आमच्याकडंच पडलेली असायची. कोथिंबिरीचा वाफा उकरायची, कडब्याच्या गंजीत लोळायची. एकदा माय बाजेवर धोतर अंथरून शेवया वाळत घालून आत गेली. परत आली तर कबरी शेवयांवर ऐसपैस झोपलेली. माय झाडू घेऊन धावली आणि भिंतीकडं तोंड करून ओरडली, "तुझ्या घरी बाज न्हाई का गं निजायला? तुझ्या मालकिणीला म्हणावं, बांधून ठेव तुला."

 पलीकडून काकूचा आवाज आला, तोही मांजरालाच. "ये गं बाई इकडं. कामून जातीस तिकडं? ती माणसं आता आपली न्हाईत."

माय झाडू धरून तशीच उभी राहिली. भांडण करायला निघालेली बाई, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवसापासून दोघी मांजराच्या नावानं बोलू लागल्या. लेकी बोले सुने लागे, तसं. त्या घराशी बोलायचं नाही असं अप्पांनी सांगितलं होतं, पण मांजराला रागवायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. लोणच्याच्या दिवसांत माय भांडी घासता घासता म्हणायची, "कबरे, मोहरी किती घालावी ते काय तुझ्या मालकिणीनं धड सांगितलं न्हाई बघ." पलीकडून उत्तर यायचं, "हात आखडून घाल म्हणावं. मागल्या साली कडू झालतं." एकदा काकू म्हणाली, "मांजरे, लेक बाळंत झाली गं. पोरगी हाय. जावळ मोप हाय." त्या दिवशी मायनं आम्हा सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. कशाचा, ते सांगितलं नाही.

पुढं माय करवंटीत दूध ओतून भिंतीपाशी ठेवू लागली, मांजरं यावीत म्हणून. अप्पांच्या काही ध्यानात येत नसेल असं मला वाटत नाही. एकदा ओसरीवरून ते म्हणाले, "मांजराशी किती बोलायलीस?"

"मग कुणाशी बोलू?" माय म्हणाली.

त्या साली निजाम सरकारचा गिर्दावर, तहसिलीतला अंमलदार, पिकं बघायला गावात आला. अप्पांनी त्याला जेवायला बोलावलं. मायनं सकाळपासून खपून स्वयंपाक केला. ओसरीवर ताट मांडलं. गिर्दावर हात धुवायला उठला तेवढ्यात कबरी आली आणि त्याच्या दह्याच्या वाटीत तिनं तोंड घातलं. तो माणूस रागावला नाही. हसून म्हणाला, "भाई के घर की बिल्ली है क्या?" म्हणजे आमच्या घरचं भांडण तहसिलीपर्यंत पोचलं होतं. सोबत पाटील होते, तेही हसले. अप्पांचे कान लाल झालेले मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी मायच्या पुढं पोतं टाकलं. "तुझ्याकडं येत्यात ती. धर."

"मुकी जनावरं हायती," माय म्हणाली.

"धर म्हणलं ना."

माझ्या मायनं करवंटीत दूध ओतलं आणि तिन्ही मांजरं एकेक करून पोत्यात घातली. कुणी तिला ओरबाडलं नाही. तिच्या हातची सवय होती त्यांना. अप्पांनी गाडी जुंपली आणि ते भालकीच्या वाटेला ओढ्याच्या पलीकडं मांजरं सोडून आले.

काकू कितीतरी दिवस हाका मारत होती. "कबरे, ये गं, ये." ती हाक आली की माय हातातलं काम थांबवायची. पलीकडं कुणी काही विचारत नव्हतं आणि इकडून कुणी सांगत नव्हतं. हळूहळू हाका थांबल्या आणि त्यांच्यासोबत बोलणंही.

थंडीच्या दिवसांत भिंतीपलीकडून खोकला ऐकू येऊ लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. एकदा दुपारी, मला वाटतं, मायला तो सहन झाला नाही. मी शेजारी तूर निवडत बसले होते. ती उठली, भिंतीजवळ गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "शुक, शुक. मांजरे, तुझ्या मालकिणीला म्हणावं, अडुळशाचा काढा घे. अंगावर काढू नको."

अंगणात मांजर नव्हतंच. पलीकडं खोकल्याची उबळ आली, थांबली. मग काकू अगदी हळू म्हणाली, "मांजर न्हाई गं तिथं."

माय काहीतरी बोलणार होती. तिचे ओठ हालले. ओसरीवर अप्पा सुतळी वळत बसले होते. तिनं एकदा तिकडं पाहिलं आणि पदर खोचून आत गेली. पुढं ती म्हातारी झाल्यावर मी तिला विचारलं, त्या दिवशी तू बोलली कामून न्हाईस. ती म्हणाली, "उद्या बोलू म्हणलं. आज हे घरी हायती, उद्या शेतात जातील, मग बोलू."

त्याच आठवड्यात काकूचा भाऊ गाडी घेऊन आला आणि तिला माहेरी हळ्ळीखेडला घेऊन गेला. गाडी निघाल्याचा आवाज आम्ही आतून ऐकला. तिकडंच ती गेली.

निरोप आला तेव्हा अप्पांनी स्वतःच बैल जुंपले. माय मला जवळ घेऊन गाडीत बसली. आम्ही पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. काका ओट्यावर बसले होते. अप्पा त्यांच्याशेजारी जाऊन बसले. काका म्हणाले, "मांजरं कुठं सोडली म्हणून ती मला इचारायची. तुमच्या भावाला इचारा म्हणायची. मी काय इचारलं न्हाई."

अप्पांनी सांगितलं, "ओढ्याच्या पल्याड." आणि ते रडू लागले. अप्पांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सुतक आम्हीही धरलं. ते फिटल्यावर दोघे भाऊ एके दिवशी विहिरीवर बसले आणि पाळ्यांचं ठरवून आले. एवढी वर्षं न सुटलेलं दुपारपर्यंत सुटलं. काका रोज आमच्याकडं जेवायला येऊ लागले. भाऊ भाऊ पिकांविषयी, बैलांविषयी बोलत बसायचे, हसायचेही. माय दोघांना वाढायची, काकांना तूप जरा जास्तच घालायची, आणि लगेच चुलीपाशी परत जायची.

एकदा अप्पा तिला म्हणाले, "बस की इथं. दादाशी बोल. आता काय अडचण हाय?"

"तुमी बोला," माय म्हणाली. "मला ज्यांच्यासंगं बोलायचं होतं त्या न्हाईत आता." आणि तव्यावरची भाकरी तिनं उलटली.