अकरा जणी

माझ्या थोरल्या जाऊबाई एकवीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालत होत्या. खात्यात त्यांना सगळ्या ‘कुलूप’ म्हणत. कुणाचा नवरा पितो, कुणाला दिवस गेलेत, सगळं त्यांच्यापाशी जमा व्हायचं आणि घरी मला सोडलं तर तिथून पुढे कुठेच जायचं नाही. मला हा गुण कधी पटला नाही, पण मला विचारतो कोण.

खात्याचा व्हॉट्सॲप ग्रुप मुकादमांनी काढला होता. त्यावर रोज सकाळी गुलाबाचं चित्र टाकणारी एक इस्त्रीवाली होती. एरवी तिला कुत्रं विचारत नसे, पण ग्रुपवर पहिला शब्द तिचा. ती काही बोलली की बाकीच्या वीस जणी अंगठे टाकून मोकळ्या.

एका सोमवारी मुकादमांनी लिहिलं, नऊची पाळी सहाला सुरू करायचा विचार आहे. निम्म्या जणींना अडचण असेल तर राहू दे, शुक्रवारपर्यंत इथेच सांगा. आमचं धाबंच दणाणलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी पहाटे बेकरीत कामाला जाते ती साडेआठला परत येते, तोवर त्यांचं सगळं जाऊबाईच करायच्या. सहाची पाळी म्हणजे जाऊबाईंची नोकरी गेलीच.

त्या चार दिवसांत अकरा जणींनी जाऊबाईंना वेगवेगळं गाठलं. कुणी जिन्यात, कुणी फोनवर. प्रत्येकीचं रडगाणं एकच, सहाला जमणार नाही, पण माझं नाव घेऊ नका, एकटी पडेन. जाऊबाईंनी प्रत्येकीला शब्द दिला. मी म्हटलं, नावं नका घेऊ, निदान अकरा जणी आहेत एवढं तरी त्यांतल्या प्रत्येकीला सांगा. तर म्हणाल्या, आकडा सांगितला की नावं मागतील.

शुक्रवारी त्यांनी एकटीनं लिहिलं, मला अडचण आहे, आणखी कुणाला असेल तर सांगा. दोन तास ग्रुपवर चिडीचूप. मग गुलाबवालीनं लिहिलं की सहाच बरं, दुपार मोकळी मिळते. लगेच अंगठ्यांची रांग लागली. त्यात ते अकराही होते, मी नावानिशी तपासले. मला संताप आला होता. जाऊबाईंनी फोन उपडा ठेवला आणि सासूबाईंचं औषध काढायला उठल्या.

शेवटच्या दिवशी त्या कपाट रिकामं करत असताना त्या अकरांतलीच एक जण जवळ आली.

“ताई, माझं चुकलं. पण मी एकटी काय करणार होते?”

जाऊबाई दमल्या होत्या. खात्यात पहिल्यांदाच कुलूप निघालं. “एकटी कुठे होतीस? अकरा जणी होतात.”

तिनं विचारलं, “मग हे तेव्हा का नाही सांगितलंत, ताई?”

घरी येऊन जाऊबाईंनी मला हे सांगितलं आणि विचारलं, “शब्द दिला होता गं. मी काय करायला हवं होतं?”

उत्तर कधीचं माझ्या जिभेवर होतं. त्यांच्या तोंडाकडे बघून मी म्हटलं, “आधी दोन घास खाऊन घ्या.”