आईच्या गाठीचा तुकडा द्यायचा कुणी?

आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, हे डॉक्टरांनी मला आणि मामाला सांगितलं. आई दाराच्या पलीकडं बाकावर बसली होती. मिरजेच्या त्या हॉस्पिटलात तशीच रीत होती. रोग बाईला आणि निकाल बाप्यांना. मामा बाहेर आला, चेहरा पुसला आणि म्हणाला, "आक्का, साधी गाठ हाय. काढली की झालं."

ज्यांच्या घरी असं काही सुरू झालं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवात शौचातून रक्त पडण्यानं झाली. आई कोरेगावात ब्लाऊज शिवते. मशीनवर बसून बसून मूळव्याध झाली, असं आळीतल्या बायकांनी ठरवून टाकलं. मावशीनं कापूस भरून गोल उशी करून दिली. आठवडी बाजारातल्या तंबूवाल्या वैदूचं चूर्ण झालं. वजन उतरत गेलं, तरी आम्ही उशीतला कापूसच बदलत राहिलो. रक्त दिसलं की मूळव्याध, हे डोक्यातून काढून टाका. डॉक्टरला दाखवा. लाज रोगाला नसते, मग आपल्याला कशाला?

कोलोनोस्कोपी म्हणजे मागच्या वाटेनं दिवा असलेली नळी घालून आतडं आतून बघणं. आदल्या दिवशी जुलाब देऊन पोट रिकामं करतात, त्रास त्याचाच जास्त. बायोप्सी म्हणजे गाठीचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. यातलं काहीही कुणी समजावून सांगत नाही. विचारावं लागतं, आणि विचारायला घाबरायचं काही कारण नाही.

मामा लष्करातून सुभेदार होऊन आलेला. त्यानं हुकूम काढला की आक्काला कॅन्सर हा शब्द कळता कामा नये, नाव ऐकूनच ती खचेल. ऑपरेशननंतर काही महिने तिच्या पोटावर पिशवी लागणार होती, शौच त्या पिशवीत होणार होतं. तेही तिला शुद्धीवर आल्यावरच कळू द्यायचं म्हणे. मी भांडलो. सगळे नातेवाईक मामाच्या बाजूनं.

ऑपरेशनच्या आधी तिथल्या एक तरुण डॉक्टर आम्हाला भेटल्या. त्या पेशी तपासण्याच्या विभागातल्या. गाठीचा आणि शेजारच्या निरोगी आतड्याचा एकेक तुकडा त्यांना अभ्यासाला हवा होता. टेलोमिअर मोजायचे होते. पेशीत गुणसूत्रं असतात धाग्यांसारखी. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिक असतं, तसं त्या धाग्यांच्या टोकाला टेलोमिअर असतं. पेशीची दोन शकलं होताना ते दर वेळी थोडं झिजतं. कॅन्सरच्या पेशी सारख्या वाढत असतात, म्हणून गाठीत ही टोकं बरेचदा आखूड सापडतात. त्या लांबीवरून रोग ओळखता येईल का, तो पुढं कसा वागेल हे सांगता येईल का, हे त्यांना बघायचं होतं.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, प्रयोगाला आमचीच माणसं सापडतात का तुम्हाला?

त्या शांत होत्या. "काढलेल्या गाठीतलाच तुकडा घेणार. उपचारात काही फरक पडणार नाही. पण विचारल्याशिवाय घेणार नाही. आणि विचारायचंय ते त्यांना, तुम्हाला नाही."

माझं भाषण तिथंच आटपलं. मामा म्हणाला, "तिला काय कळतंय त्यातलं?"

"गाठ त्यांची आहे," डॉक्टर म्हणाल्या.

मामा आणि त्या डॉक्टरांसमोरच मी आईला सगळं सांगितलं, रोगाच्या नावासकट. तिनं चादरीची किनार चाचपली. मग म्हणाली, "आळीत कुणाकुणाला ठावं हाय?"

"मावशीला. आत्याला. शेजाऱ्यांना."

"म्हंजी मीच तेवढी राहिले व्हय." ती मामाकडं वळली. "सुभेदार, लढाई हाय हे सैन्याला तरी सांगत व्हता का न्हाई?"

मामा खिडकीतनं बाहेर बघत होता.

तिनं डॉक्टरांना विचारलं, "मोजल्यावर मी किती जगीन ते कळंल?"

"नाही. आज तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पुढच्या माणसांना कदाचित उपयोग होईल."

"मग घ्या. पन काय निघंल ते मला सांगायचं. ह्यांना न्हाई. आन ती पिशवी आधी दाखवा."

पिशवी तिनं उलटसुलट करून बघितली. "हिला पट्टा पायजे, न्हाईतर साडीत हलंल," म्हणाली आणि ब्लाऊजच्या उरलेल्या कापडाचा पट्टा शिवून घेऊनच ऑपरेशनला गेली. नंतर वॉर्डातल्या नर्सनी तसे आणखी पट्टे तिच्याकडनं मागून घेतले.

गाठ निघाली. काही महिन्यांनी पिशवीही गेली. त्या डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं की गाठीतली टोकं खरंच आखूड होती, पण त्यावरून तुमच्याबद्दल भाकीत करता येत नाही, तपासणीला मात्र येत राहा. आई म्हणाली, बरं. आता ती पुन्हा मशीनवर बसते आणि गिऱ्हाइकांना वायदे देते.

परवा तपासणीच्या रांगेत शेजारी मेढ्याकडचं एक जोडपं होतं. आईनं बाईला विचारलं, काय होतंय? नवराच बोलायला लागला, "तिला मूळव्याधीचा त्रास हाय, लय दिस..."

"आवं दाजी, दुखणं तुमचं हाय का तिचं?" आई म्हणाली. "तिला बोलू द्या की."

ती बाई पदर सावरून आईच्या जवळ सरकली आणि हळूहळू सांगायला लागली.