मास्तरांचे दोन इंच

औषधांच्या दुकानाला खेटून एक शिलाईचं दुकान होतं, आणि त्यात मास्तर मावत होते हेच मोठं नवल. एकशे अडतीस किलोंचा देह. टेबलाला पोट अडायचं म्हणून ते कोपऱ्याशी उभं राहून कापड कापायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, जुन्या कारागिरांची हीच पद्धत. लोकांनाही ते पटायचं.

वजनाची त्यांना कधी लाज वाटली नाही. तक्रार केली ती गुडघ्यांनी. दहा मिनिटं उभं राहिलं की डोळ्यांत पाणी यायला लागलं. हाडांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "आधी शंभरच्या आत या, मग गुडघे बदलू." तोवर काय करायचं, तर घरी बसायचं. घरी बसायचं म्हणजे दुकानाला कुलूप, आणि ते मास्तरांना मान्य नव्हतं. मास्तरांनी काकड्या चघळल्या, पहाटेचं फिरणं केलं, एका मेहुण्याच्या सांगण्यावरून महिनाभर कसलासा काढाही प्यायले. सहा किलो गेले आणि आठ परत आले. शेवटी पोटाच्या ऑपरेशनचं ठरलं.

आता मास्तरांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. कमरेचं माप ते नेहमी दोन इंच कमी करून मोठ्यानं सांगत. फीत अडतीस दाखवत असली तरी मास्तर ओरडणार, "छत्तीस!" शेजारी बसलेली बायको वहीत छत्तीसच लिहिणार. कापताना दोघंही गुपचूप दोन धरून चालणार. गिऱ्हाईक खूश, आणि कपडाही अंगाला बरोबर बसलेला. तीस वर्षांत कुणाची तक्रार नाही.

सर्जनांनी चित्र काढून समजावलं, की पोटाची पिशवी उभी कापायची, पाऊण भाग काढून टाकायचा आणि उरलेली शिवून घ्यायची. मास्तर खुर्चीत पुढे सरकले. एवढा वेळ घाबरलेला माणूस एकदम आपल्या विषयावर आला होता.

"माया किती ठेवता?"

"माया?"

"शिवणीत दाबलेलं जास्तीचं कापड हो. पुढे उसवून सैल करायला."

सर्जनांनी पेन खाली ठेवलं. "काढलेला भाग परत जोडता येत नाही, मास्तर. उरलेला मात्र तुम्ही स्वतःच सैल करू शकता. रोज थोडं थोडं जास्त खा, दोन-तीन वर्षांत वजन परत हजर. माझं काम दीड तासाचं, पुढचं तुमचं, ते जन्मभराचं." मग त्यांनी पाढाच वाचला. घास बारीक चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही. गोड जास्त खाल्लं तर घाम फुटेल, चक्कर येईल. जीवनसत्त्वांच्या गोळ्या रोज, अगदी कायमच्या, आणि रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. मध्ये काही महिने केसही गळतील. मास्तरांनी सगळ्याला मान डोलावली आणि केसांपाशी अडले. डोक्यावर होते ते कुणालाही मोजून दाखवता आले असते.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसतं पातळ प्यायचं होतं, म्हणजे यकृत आकसतं आणि सर्जनच्या हाताला आत जागा मिळते. आहारतज्ज्ञ मॅडमनी त्यासाठी एक वही दिली. आठवड्यानं मास्तर वही घेऊन हजर. सूप एक वाटी, ताक एक पेला, अक्षर मोत्यासारखं. काट्यावर मात्र वजन एक ग्रॅमही हललं नव्हतं.

"मास्तर, खरंच एक वाटी?"

"लिहिलीय एक."

"आणि प्यायलात किती?"

"तीन. शिवाय टोस्ट." मास्तरांच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नव्हता. "मला वाटलं, तुमच्याकडेही वरचं धरूनच घेत असतील."

मॅडमना हसू आवरेना. आवरलं तेव्हा त्यांनी मास्तरांना चांगलंच फैलावर घेतलं. "इथे कुणी काही धरत नाही. तुम्ही सांगाल तेच आम्ही खरं मानतो आणि त्यावरच चाकू चालतो. तारीख दोन आठवडे पुढे. पुन्हा असं केलंत तर नाव काढून टाकू." मास्तरांनी मनात हिशेब मांडला. नाव गेलं की गुडघे गेले, आणि मग दुकान कशाचं?

त्यानंतरचे दोन आठवडे मास्तर खरोखर सूप आणि ताकावर जगले. स्वभाव बिघडला. एका नवरदेवाच्या कोटाला दोन डाव्या बाह्या लागल्या. बायको बिचारी मोरीत उभी राहून खायची, वास यायला नको म्हणून. पण सहा किलो उतरले आणि तारीख पक्की झाली.

ऑपरेशन सकाळी आठचं होतं. पहाटे पाचला मास्तरांना जाग आली, ती भुकेनं. हॉस्पिटलच्या खोलीत बायको बाकावर झोपली होती आणि तिच्या पिशवीतून बिस्किटांच्या पुड्याचं टोक डोकावत होतं. मास्तरांनी तोंड फिरवलं. पुन्हा इकडे फिरवलं. तीन बिस्किटं गेली.

साडेसातला भूल देणाऱ्या डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या. "शेवटचं काय खाल्लंत? कधी?"

"काल संध्याकाळी सूप," हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. डॉक्टरबाईंनी पेन कागदावर टेकवलं आणि थांबल्या. चुकीच्या आकड्यावर कात्री चालली की काय होतं, हे त्या खोलीत मास्तरांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. इथे तर कापड त्यांचंच होतं.

"तीन बिस्किटं," ते म्हणाले. "आज पहाटे पाचला."

डॉक्टरबाईंनी कागद मिटला. "आज होणार नाही. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं असतं, तर हात चोळत बसायची वेळ आली असती. बरं झालं बोललात." नवी तारीख पुढच्या आठवड्याची. म्हणजे आणखी सात दिवस ताक.

व्हरांड्यात बायकोनं आधी यथेच्छ झाडलं. मग एकाएकी तिला रडू फुटलं. "अहो, पुडा माझा होता. तुम्ही गप्प बसून आत गेला असतात आणि काही झालं असतं, तर मी उरलेलं आयुष्य काय करायचं होतं?" आपण तिला किती घाबरवलं हे मास्तरांना तेव्हा कळलं, आणि फार वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. केस गेले, थोडे परत आले. नऊ महिन्यांनी काटा अठ्ठ्याण्णववर थांबला आणि हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याची तारीख दिली. त्या संध्याकाळी मास्तर आपली छोटी वाटी घेऊन जेवायला बसले. बायको सवयीनं ताट उचलून आत निघाली.

"कुठे निघालीस? ये, इथेच बस. मला काही होत नाही आता."

ती बसली. पूर्वी मास्तर पाच मिनिटांत ताट चाटून उठायचे. आता एकेक घास चावता चावता अर्धा तास जायचा. ती नेहमीसारखी घाईघाईनं खायला लागली, वर पाहिलं, तर नवरा अजून दुसऱ्याच घासावर. तिनं हात सैल सोडला. सावकाश जेवली, दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली, शेजारणीची सगळी हकिगत सांगितली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, आणि तिचं जेवण होईपर्यंत समोर कुणी बसून राहिलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.