टिश्यूचं पाकीट

चांगी बिझनेस पार्कातल्या आमच्या ऑफिसात, अकाउंट्समध्ये, ठाण्याचे एक गृहस्थ आहेत. दुपारी फूड कोर्टात शिरले की आधी रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात, मगच रांगेत उभे राहतात. "जागा आधी, जेवण मग!" सिंगापुरात सगळेच अशी जागा धरतात, पण यांच्याइतक्या ऐटीत कोणी नाही.

मागच्या सुट्टीत ते जोडीनं जपानला गेले. पुलावरून चालत जायचं असं एक चिमुकलं, देखणं बेट. तिथल्या हॉटेलात समुद्राकडच्या टेबलावर यांनी सवयीनं पाकीट ठेवलं आणि रांग गाठली. परत येतात तर टेबलावर दुसरंच कुटुंब! तणतणत निघाले. पुलाच्या मध्यावर मागून हाका आल्या. हॉटेलातली म्हातारी धापा टाकत आली, राहिलेली वस्तू म्हणून पाकीट दोन्ही हातांनी परत दिलं आणि कमरेत वाकली.

"मग तुम्ही?" मी विचारलं.

"मीही वाकलो. काय करणार! बायको अजून हसतेय."

काल त्यांना सर्दी झाली होती. शिंकत मला म्हणाले, "अहो, एक टिश्यू द्या की."

मी त्यांच्या खिशाकडे बोट दाखवलं. तिथं पाकीट होतं.

त्यांनी खिशावर हात ठेवला. "हे फोडू? एवढी धावत आली होती हो ती!"