माशी की खडक

समुद्र मी पाहिलेला नाही. मी धरणगावचा. कापूस, जिनिंगचा भोंगा आणि उन्हाळ्यात तळ दाखवणाऱ्या विहिरी, एवढंच बघत वाढलो. तरी कोकणचा किनारा मी या हातांनी काढला आहे, खाडी न खाडी, आणि त्याच किनाऱ्याने माझं वाटोळं केलं.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. धुळ्याच्या एका शाळेत मी चित्रकलेचा मास्तर होतो, पण हंगामी. कायम करणं न करणं शाळेच्या मंडळाच्या हातात, आणि मंडळ एका वकीलसाहेबांच्या खिशात. वकीलसाहेबांना इतिहासाचा नाद. कोकणातल्या एका जुन्या तांडेल घराण्याकडून त्यांनी समुद्राचे नकाशे आणले होते, गलबतं हाकणाऱ्यांनी फार पूर्वी स्वतःच्या हाताने काढलेले. ते परत करायचे होते, म्हणून नकला हव्या होत्या. मला बोलावून ते म्हणाले, "मास्तर, अगदी मक्षिकास्थाने मक्षिका झाली पाहिजे. काम चोख करा, कायमचं मी बघतो."

मूळ कागदावर माशी चिकटून मेली होती म्हणून नकलेतही माशी मारून चिकटवणाऱ्या कारकुनाची गोष्ट कोणाला ठाऊक नाही? मीही हसलो. नोकरीच्या आशेवर माणूस साहेबाच्या कुठल्याही विनोदाला हसतो.

सकाळचा उजेड खिडकीतून सरळ यायचा तेवढा वेळ मी बसायचो. घामाचा थेंब शाईवर पडू नये म्हणून मनगटाला फडकं बांधायचो. किनारा काय, दातांनी तोडलेल्या भाकरीसारखा सगळा कातरलेला. त्यावर डोंगर, देवळं, एखादं ताडाचं झाड, सगळं होडीतून दिसेल तसं आडवं काढलेलं. आणि पाण्यात जागोजाग मोडीत आकडे. ते पाण्याच्या खोलीचे, वावांत मोजलेले. दोन्ही हात ताणून पसरले की होते ती एक वाव. आमच्याकडे विहीर परसांत, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापाने मोजतात, तसंच ते. बायको पाठीमागून डोकावून म्हणाली, "येवढा पानीमा मोजाले कोन उतरना व्हता?" मी म्हटलं, दोरीला शिसं बांधून सोडतात, कोणी उतरत नाही. तिला काही ते पटलं नाही.

एका खाडीच्या तोंडाशी काळा ठिपका होता. माशीने केलेली घाण असते ना, तेवढाच. भिंग लावून पाहिला. शाई किनाऱ्याच्या रेषेचीच होती. मग भोवतीचे आकडे वाचले. बाहेरून आत येताना बारा वाव, सात, तीन, आणि ठिपक्याला लागून दीड. म्हणजे तो पाण्याखालचा खडक होता. गलबत फोडणारा. ज्याने तो काढला त्याने कोणाचा तरी जीव वाचावा म्हणून काढला असणार. मी तो जसाच्या तसा उतरवला.

मूळ नकाशे परत गेले, आणि नकला बघायला पुण्याहून एक विद्वान आले. वकीलसाहेबांचा दिवाणखाना भरला होता. विद्वानांचं बोट नेमकं त्या ठिपक्यावर थांबलं. "हे काय?"

वकीलसाहेबांनी मूळ नकाशा कधी धड पाहिलाच नव्हता. ते हसून म्हणाले, "आमच्या मास्तरांनी माशीची घाणसुद्धा उतरवली! खानदेशचा माणूस, समुद्र कुठे बघितलाय?"

सगळे हसले. मला गप्प बसता आलं असतं. माझ्याच्याने ते होत नाही. "साहेब, तो खडक आहे," मी म्हणालो. "भोवतीचे आकडे बघा. पाणी कुठे उथळ आहे ते विचारून माशी बसत नाही."

विद्वानांनी वाकून आकडे वाचले. मग विद्वान मोठ्याने हसले, पण आता वकीलसाहेबांकडे बघून. "वकीलसाहेब, मास्तरांनी तुमचीच उलटतपासणी घेतली की हो!" वकीलसाहेबही हसले. त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले, आणि माझं काम संपलं हे तिथेच ओळखलं.

नव्या वर्षी माझ्या जागी दुसरा मास्तर आला. वकीलसाहेब मला म्हणाले, "शाळेला सांगितलेलं ऐकणारा माणूस हवा." सांगितलेलंच तर मी ऐकलं होतं, अक्षर न अक्षर! घरी बायको एवढंच बोलली, "तुमनं तोंडच तुमना वैरी शे." ती खरंच बोलली, म्हणून जास्त लागलं. पुढची सगळी वर्षं मी जिनिंगच्या फाटकांवर आणि केळीच्या वखारींवर पाट्या रंगवल्या, नशिराबादपासून यावलपर्यंत. दिवाणखान्यातला विनोद मात्र माझ्या आधी गावोगाव पोचलेला असायचा. पाठ वळली की मी माशीमास्तर.

वकीलसाहेब गेले. नकला आता त्याच शाळेच्या वाचनालयात चौकटीत लावल्या आहेत. खाली त्यांचं नाव आहे. परवा मी जाऊन उभा राहिलो. खाडीच्या तोंडाशी ठिपका नाही. पात्याने खरवडून काढलाय, कागद तिथे पातळ पडलाय. पण खरवडणाऱ्याला आकडे कळले नव्हते, ते तसेच आहेत. बारा, सात, तीन, दीड, आणि पुढे काहीच नाही. आता या नकाशावर विसंबून कोणी गलबत आत घातलं तर फुटेल. माझ्या हाताने काढलेल्या नकाशावर! मी चौकटीसमोरून हलेना, तेव्हा शिपायाने खुर्ची पुढे केली. पोरगा नवीन आहे, भला आहे. कोणाकडून तरी माझं नाव ऐकलं असेल आणि त्याला ते आडनावच वाटलं.

"पानी लई येऊ का, माशीमास्तर?" त्याने अदबीने विचारलं.

मी हो म्हटलं.