गाडीची खांदेमळणी

आमच्या धाकट्या दिरांइतका गाडीला जपणारा आणि माणसांना ताप देणारा इसम सोनईत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची बैलजोडी चाऱ्यावाचून गेली. मग पुन्हा बैल घ्यायचे नाहीत, गाडी भाड्यानं चालवायची, असं त्यांच्या मनानं घेतलं. कारखान्यातल्या एका साहेबाची बदली झाली, त्याची जुनी पांढरी अँबॅसिडर त्यांनी आणली आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली, बैलांच्या खुंट्यापाशी उभी केली.

गाडी हे यंत्र असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. सकाळी टपावर थाप मारल्याशिवाय ते ती चालू करत नसत. भर दुपारी जुंपायची नाही, असा नियम. पेट्रोलला वैरण म्हणत. भाड्याचं गिऱ्हाईक आलं की त्यानं चपला हातात घेऊन बसायचं आणि चढ लागला की उतरून चालायचं. एकदा सासूबाईंच्या पोटात कळा येत होत्या, म्हणून त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. वाटेत दिरांनी बाभळीखाली गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि खांद्यावरच्या टॉवेलानं आत वारा घालत बसले. सासूबाई मागून कण्हत म्हणाल्या, "मेल्या, आदी मला पोचीव, मंग तिला वारं घाल." दीर म्हणाले, "आई, तू बोलून तरी दावतीस. ती बिचारी कुनाला सांगंल?"

अशा माणसाला मुलगी कोण देणार? वय पस्तिशीला टेकलं. एका स्थळाकडचे काका तोंडात पान घेऊन गाडीत बसले, तर दिरांनी त्यांना वेशीवर चूळ भरायला उतरवलं. काका तिथूनच एस.टी.नं घरी गेले आणि स्थळही गेलं. इकडे सासूबाईंनी अंथरूण धरलेलं. ह्याचं लगीन बघितल्याशिवाय मी डोळे मिटायची न्हाई, असं रोज म्हणायच्या, आणि रोज थोड्या वाळत चालल्या होत्या. तेवढ्यात काष्टीहून निरोप आला. मुलीचे वडील आणि आत्या घर बघायला येताहेत. यानंतर स्थळ येणार नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं. दिरांनाही कळत होतं, कारण ते दोन दिवस धड जेवले नाहीत.

पण त्यांनी काळजी कशाची केली? गाडीवरच्या डिंकाची. कडुलिंबाचा डिंक टपावर, बॉनेटवर गळून वाळला होता. तांबूस, काचेच्या मण्यांसारखे थेंब. आपल्याकडे दाखवण्यासारखी एकच चीज आहे आणि तिला देवी आल्यागत दिसतंय, असं त्यांचं म्हणणं. कुणी सांगितलं म्हणून रॉकेल लावलं, रंगाची चमक गेली आणि डिंक जागच्या जागी. ब्लेडनं खरवडला, तर डिंकाबरोबर रंगाचा पोपडाही आला. मग त्याच्यावर लिंबू पिळलं. चार दिवस अंगण रॉकेल आणि लिंबाच्या वासानं नुसतं भरून गेलं होतं.

मी म्हटलं, "भावजी, फांदी छाटा की."

"आन् सावली कुनाची?"

"मग गाडी तिकडं भिंतीकडं लावा."

"वहिनी, खुंटा हितं हाय."

"गाडीला दावं कुठं बांधलंय?"

ते पुन्हा रॉकेलच्या बाटलीकडे वळले.

पाहुणे नेमके पोळ्याच्या आदल्या दिवशी येणार होते. शेतकरी माणूस अशा दिवशी परगावी निघतो, हेच मला चमत्कारिक वाटलं. त्या संध्याकाळी बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, लोणी-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं, अशी आमच्याकडची खांदेमळणीची रीत. तिसऱ्या प्रहरी दिरांनी माझ्याकडे गरम पाणी मागितलं. पाहुणे यायच्या आत आंघोळ करत असतील, म्हणून मी दिलं. मग हळद मागितली, लोणी मागितलं. तेव्हा मी बाहेर येऊन बघितलं.

गाडीच्या बॉनेटवर गरम पाण्यात भिजवलेली फडकी पसरली होती. दीर एकेक उचलत, हळूच दाबत, पुन्हा गरम करून ठेवत. चार दिवस हटून बसलेला डिंक आता खडीसाखरेसारखा विरघळत होता. तो बोटानं निघाला. पण दीर तिथं थांबले नाहीत. वाटीतली लोणी-हळद घेऊन चाकावरचा फुगीर भाग चोळायला लागले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

नेमके तेव्हाच पाहुणे फाटकात उभे.

आत्याबाई थबकल्या. "ह्ये काय चाललंय?"

"गाडीवरचा डिंक काढत्यात," मी म्हटलं.

"आवतन दिऊन?"

मी पदर सावरला. हेही स्थळ गेलं, असं मनाशी म्हटलं आणि सासूबाईंना काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करू लागले.

मुलीच्या वडलांनी पिशवी खाली ठेवली. खुंट्याकडे बघितलं. "बैल कवा गेले?"

"दुष्काळात," दीर म्हणाले. "दोन्ही."

"आमचे बी."

म्हणून हा माणूस आज घर सोडून येऊ शकला होता. त्यांनी बाह्या वर सारल्या, वाटीतलं लोणी बोटांवर घेतलं आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले.

"खांदा कुठला धरायचा?"

"चाकाच्या वरचा."

"दादा, आरं तू बी?" आत्याबाई म्हणाल्या. दादांनी ऐकलं नाही.

मी चहा टाकायला आत गेले आणि सासूबाईंना सांगितलं, "पोरगी दिली."

"बोलनी झाली?"

"न्हाई. लोनी लावत्यात."

लग्न झालं. सासूबाईंनी ते बघितलं आणि म्हटल्याप्रमाणे डोळे मिटले. पांढऱ्या रंगावर हळदीचे डाग बसले ते कायमचे. वरातीत लोकांना वाटलं, मुद्दाम रंगवलीय.

व्याह्यांनी (दीर त्यांना मामा म्हणत) पुढं बैल घेतले नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते दरवर्षी काष्टीहून यायचे, आणि एकीकडून जावई, दुसरीकडून सासरा, असे दोघे त्या खटाऱ्याला चोळत बसायचे. मला ते वेडेपणाचंच वाटायचं, अजूनही वाटतं. मग एका उन्हाळ्यात व्याही वारले. त्या पोळ्याला दिरांनी आपली बाजू शेकली, चोळली, हात पुसले आणि उभे राहिले. वाटीत निम्मं लोणी शिल्लक होतं.

मी म्हटलं, "भावजी, आना हिकडं, पल्याडचं मी करते."

"ऱ्हाऊ द्या वहिनी," ते म्हणाले. "ती मामांची बाजू हाय."

मी वाटी घेऊन आत गेले.