शंभर वॅटची हमी

कोऱ्हाळे बुद्रुकच्या गेणूचा हात आधी उठायचा, तोंड मागून चालायचं. मेंढरं राखणाऱ्या घरातला गडी, पण मेंढरं बापाबरोबरच संपली आणि हा पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान टाकून बसला. काम चोख, डोकं मात्र सदा तापलेलं. "मोटार परत जळाली," म्हणून भांडायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यानं पान्हाच फेकून मारला होता. त्या गड्यानं पाणी नसताना मोटार चालवून जाळली होती हे खरं, पण म्हणून काय डोकं फोडायचं?

त्या सकाळी त्याची बायको म्हाळसा बोंबलतच दुकानात आली. विजयसिंहच्या उसाच्या बांधावरून ती शेळी घेऊन चालली होती. रानडुकरं येतात म्हणून विजयसिंहनं उसाभोवती उघडी तार ओढली होती आणि तिच्यात पंपाच्या लाइनीतून वीज सोडली होती. शेळीनं तारेला तोंड लावलं आणि ती उभ्या जागी ताठ झाली. दावं कोरडं, नायलॉनचं होतं, म्हणून म्हाळसा वाचली. गेणू तसाच अनवाणी धावत सुटला. बायको मागून.

विजयसिंह बांधावर खोरं घेऊन उभाच होता. पंपाच्या खोलीबाहेर, तारेच्या वाटेत, त्यानं एक बल्ब अडकवला होता. आमच्याकडं हे एक नवीनच खूळ निघालंय. तारेच्या आधी बल्ब जोडला की म्हणे डुकराला झटका बसतो आणि माणूस मरत नाही. कुणी सांगितलं? कुणीच नाही. शेजाऱ्यानं केलं म्हणून यानं केलं.

"बल्ब हाय मधी," विजयसिंह म्हणाला. "करंट तोच खातो. मान्साला नुसती झिणझिणी. तुजी शेळी भ्यानंच मेली."

गेणूनं त्या दिवशी खरंच आधी तोंड चालवलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

"शंभर वॅटचा बल्ब. दोनशे तीस व्होल्टनं भागा. अर्धा अँपिअरबी येत न्हाय. आता त्यानं व्होल्टला भागा. बल्बचा अडथळा आला सव्वापाचशे ओहमच्या आसपास, आन् त्योबी बल्ब पेटून तापल्यावर. गार बल्बचा लय कमी. वल्या पायाच्या मान्साचा हजार धरा. दोनी मिळून दीड हजार. दोनशे तीसला दीड हजारानं भागलं की दीडशे मिलिअँपिअर! तिसात माणूस तारंला चिकटतो, विजयसिंहराव. दीडशात मरतो. मेन स्विचचा दांडा पाडा, माजी बायकू रोज हितनंच जाती."

"मग तिनं माज्या बांधावर यायचंच कशाला? चिकटली तर चिकटली."

बस्स. गेणूनं त्याच्या तोंडावर ठोसा घातला. दात तुटून ओठात घुसला. विजयसिंहनं खोऱ्याचा दांडा फिरवला, तो गेणूच्या कानशिलात बसला आणि कान रक्तानं भरला. गेणूनं त्याला कमरेला धरून तारेलगतच्या पाटाच्या पाण्यात आपटलं, छातीवर बसला, नाका-तोंडावर मारत सुटला. मग मनगट धरून त्याला पाण्यातूनच फरफटत तारेपाशी नेलं.

"मरत न्हाय ना? मग धर!"

हात तारेपासून वीतभर राहिला आणि विजयसिंह गुरासारखा ओरडला, "स्वरूपा, मेनचा दांडा पाड! मरंन मी!" त्याची बायको स्वरूपा पंपाच्या खोलीकडं धावली.

पितळ उघडं पडलं. म्हणजे या गड्याला सगळं ठाऊक होतं! उद्या कुणी मेलं तर पोलिसांना दाखवायला तो बल्ब टांगला होता. मला त्याची आजही चीड येते.

गेणूनं तिथंच सोडायला हवं होतं. त्यानं सोडलं नाही. म्हाळसा पाटात उतरली, त्याचा सदरा दोन्ही हातांनी मागं ओढू लागली, "सोडा, सोडा त्यास्नी," म्हणून रडू लागली. गेणूनं दात खाल्ले आणि विजयसिंहचा पंजा तारेवर दाबला.

विजयसिंह किंचाळला, ताठ झाला, लुंगीत मुतला. झालं काहीच नव्हतं. तारेत वीज नव्हती.

स्वरूपा खोलीतून बाहेर आली. "दांडा गच्च अडकलाय, पडंना मला. नशीब, आत्ताच लाइट गेली."

गेणूनं पंजा सोडला. विजयसिंह रांगत उसात शिरला. म्हाळसा अजून गुडघाभर पाण्यातच होती आणि तिच्या मुठीत नवऱ्याचा ओला सदरा तसाच होता.

"लाइट गेलीया हे बघितलं हुतं तुमी?" तिनं विचारलं.

गेणूनं तिच्या मुठीकडं बघितलं. वीज असती तर विजयसिंहच्या पंजातून आपल्या हातात, आपल्यातून हिच्या मुठीत, हिच्या पायांतून पाण्यात. तिघंही ओले. दोनशे तीस भागिले किती, ते त्याच्या डोक्यात आपोआप मांडलं गेलं आणि तो मटकन पाटात बसला.

"विजयसिंहरावास्नी माजी पर्वा न्हाय, ते परके हायेत," म्हाळसा म्हणाली. "तुमाला तर समदा हिशेब येत हुता."

तिनं सदरा सोडला, पाटाबाहेर आली आणि भवानीनगरला माहेरी निघून गेली.